दारात नाव सांगावं लागतं

आमच्याकडे दार वाजलं की आतला विचारतो, "कोण?" बाहेरचा सांगतो, "मी." एवढ्यावर दार उघडतं. मी गोंदिया जिल्ह्यातच जन्मले, वाढले आणि इथंच शिकवते, पण दारात याहून वेगळं उत्तर कुणी दिल्याचं मला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा "मी" म्हणतो. ओळखीच्या दारात उभं राहून आपलं नाव सांगायचं म्हणजे आपण परके आहोत अशी कबुली द्यायची. ती कोण देणार?

माझ्याकडे येणारी मुलंमुली अठरा पार केलेली आहेत. वय झालं म्हणून विशेष शाळेनं त्यांना निरोप दिला, आणि गाव त्यांना 'भोळी' म्हणतं. ज्याच्यासाठी काही करायचं नसतं त्याला गाव भोळं म्हणतं, असं माझं मत आहे. सौंदडच्या रस्त्यावर राईस मिलच्या मागे आमची खोली आहे. तिथं चहा करणं, गॅस बंद करणं, बस ओळखणं आणि अंगाला कुणी नको तिथं हात लावला तर जोरात ओरडणं, हे सगळं मी शिकवते. ओरडण्याच्या तासाला सुरुवातीला शेजारचे धावत आले. आता येत नाहीत. ही या अभ्यासक्रमातली त्रुटी आहे.

दाराचा धडा आम्ही त्याच खोलीत घेतला. एकानं बाहेर जायचं, दार वाजवायचं, आतल्यानं विचारायचं. सगळ्यांनी "मी" म्हटलं आणि सगळ्यांना आत घेतलं. मिलचा हमाल माचिस मागायला आला, तोही "मी" म्हणाला आणि त्यालाही बसायला सतरंजी मिळाली. मग मी नियम केला: आवाज ओळखीचा असला तरी पूर्ण नाव विचारायचं, आणखी कोण आहे तेही विचारायचं. नाव सांगितलं आणि तो घरचा माणूस असला तरच कडी काढायची. बाकीच्यांना म्हणायचं, "संध्याकाळी या."

एकीनं विचारलं, "काऊन नाव सांगत नाही लोक?"

मी म्हटलं, "काहींना सवय नसते. ज्याच्या मनात वाईट असतं, त्याला मात्र नाव सांगणं जिवावर येतं."

हे विचारणारी मुलगी बावीस वर्षांची होती, आणि त्या वर्षी तिचंच सगळं पणाला लागलं होतं. रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत तिचं गाव रिकामं होतं. म्हातारे आणि कोंबड्या तेवढ्या मागं राहतात. आई तिला दरवर्षी बांधीवर, धानाच्या शेतात घेऊन जायची आणि कडेच्या धुऱ्यावर छत्रीखाली बसवायची. आदल्या वर्षी आईची पाठ वळताच तिनं शेजारच्या बांधीत लावलेली रोपं उपटून पुन्हा जुड्या बांधून ठेवल्या. जुड्या फार सुबक होत्या, असं तिची आई सांगते. शेजाऱ्याचं मत वेगळं होतं. तेव्हा बांधी बंद झाली. मग दोन दिवस ती घरी एकटी राहिली. त्यानंतर मात्र तिला घरी एकटी ठेवायला आई तयार नव्हती, आणि का नाही हेही सांगत नव्हती. शेवटी बापानं ठरवलं की पोरीला नागपूरला वसतिगृहात टाकायचं, कायमचं. आईचा डोळा सुकत नव्हता. मुलीनं मला विचारलं होतं, "नागपूरले माय येईन का माह्यासंग?" मी बापाकडून एका रोवण्याची मुदत मागून घेतली. ती घरी एकटी नीट राहिली तर नागपूर नाही.

रोवणा सुरू झाला. चार दिवसांनी बाप तिला आणि तिच्या आईला घेऊन थेट आमच्या खोलीवर आला. पायाचा चिखल वाळलेला, आवाज त्याहून कोरडा.

"तुमी पोरीले काय शिकवून राहिल्या, मॅडम?"

झालं होतं असं. आदल्या दिवशी भर दुपारी तो बांधीवरून घरी आला, कारण तंबाखू-सुपारीचा खर्रा घरी राहिला होता. दार वाजवलं. आतून "कोण?" तो म्हणाला, "मी." आतून, "कोण मी?" तो म्हणाला, "तुहा बाप." आतून, "नाव सांगा."

"माह्या घराच्या दारात मी माहं नाव कायले सांगू? समोरची म्हातारी हासून राहिली होती. मी तसाच परत गेलो. बिना खर्ऱ्याचा."

शेवटचं वाक्य त्यानं फार दुःखानं म्हटलं. हा माणूस हट्टी आहे आणि हट्टापायी पोरीला नागपूरला धाडेल, असं मला वाटलं. राग आला होता, पण गिळला. नियम थोडा सैल करावा, आवाज ओळखीचा असला तर दार उघडायचं, असं सांगायला मी तोंड उघडलं.

मुलगी चहाचे कप पुसत होती. ती म्हणाली, "परवा बी एक मी आला होता."

"कोण?" बापानं विचारलं.

"नाव नाही सांगितलं. म्हने दार खोल, मी आहो. आवाज ओळखीचा होता. मी म्हटलं, नाव सांगा. तो काहीच नाही बोलला. मंग चालला गेला."

ती पुन्हा कप पुसू लागली. आईनं तिच्या हातातला कप काढून घेतला.

"मांगच्या सालवालाच?" तिनं हळूच विचारलं.

मुलीनं मान हलवली. "तोच. तवा मी दार खोललं होतं. मंग तू आली."

बाप दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सैल करायला निघाले होते तो नियम एव्हाना आपलं काम करून बसला होता. खर्ऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच दिवशी तिघं पोलीस पाटलाकडे गेले, मीही गेले. वर्षभर जे ओठांवर आलं नव्हतं ते नाव आईनं तिथं सांगितलं, पूर्ण, त्या माणसाच्या बापाच्या नावासकट. गावात बरीच चुळबुळ झाली. त्या माणसाला तालुक्याच्या ठाण्यात नेलं. नागपूरचं पुढं कुणी बोललं नाही.

रोवणा संपत आला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. बाप वाटेतच भेटला. दोघं दारापाशी आलो. त्यानं कडी वाजवली.

"कोण?"

बापानं घसा साफ केला, ताठ उभा राहिला, आणि आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं खणखणीत सांगितलं. समोरची म्हातारी ओट्यावरून बघत होती. त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आनखी कोण हाय?"

मी म्हटलं, "अगं, मी."

कडी हलली नाही.

बापानं माझ्याकडे वळून पाहिलं. "नाव सांगा, मॅडम," तो म्हणाला.