परत येणाऱ्यांची संघटना

बस थांबली की दारापाशी ते उभे असायचे. चढायला नव्हे. उतरणाऱ्या प्रत्येक माणसागणिक त्यांचा अंगठा बोटाच्या एकेका पेरावर सरकायचा, आणि शेवटचा माणूस उतरला की माझ्या खिडकीशी येऊन आकडा सांगायचे. मी स्टँडचा कंट्रोलर. माणसं मोजायला कंडक्टरकडे मशीन आहे, असं मी एकदा त्यांना सुनावलं.

"मशीन चढनाऱ्याचं तिकीट फाडते साहेब," ते म्हणाले. "तो वापस आला का नाही, ते कोन पाह्यते?"

जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं स्टँड. तिथून पाऊण तासावर राज्य संपतं. स्टँडसमोर त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या जळालेल्या मोटारी उकलायच्या आणि नवी तार भरायची, हा धंदा. त्याला चिकाटी लागते हे मान्य, पण या गृहस्थांनी उरलेली चिकाटी आमच्यावर खर्च केली. प्रवासी संघटना काढली, लेटरपॅड छापलं. अध्यक्ष तेच, सचिव तेच आणि सभासदही तेच. त्यामुळे आमच्याकडे त्यांचं नावच 'संघटना' पडलं. संघटना चहाला आली, संघटनेला सर्दी झाली, असं सर्रास चालायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं. संघटनेत माणसं किती, असं मी खवचटपणे विचारलं, तर समोरच्या गाडीकडे बोट करून म्हणाले, "आता त्यात जेवढे बसून हायेत तेवढे."

शेगावला रेल्वेची काही बैठक असली की पदरमोड करून जायचे. तिथं बाकीचे नवीन गाडी मागायचे. हे विचारायचे, की इथं उतरलेल्या माणसाला पुढची बस चुकली तर त्यानं झोपायचं कुठं? याचं उत्तर कोणाच्याच फायलीत नसायचं.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर. दोन राज्यांमधला करार कुठंतरी अडून बसला होता, त्यामुळे आमची गाडी नाक्यापर्यंतच जायची आणि बुऱ्हाणपूरकडची गाडी नाक्यापर्यंतच यायची. माणसांनी मध्ये उतरून गाडी बदलायची. संध्याकाळी आमची शेवटची गाडी नाक्यावरून साडेपाचला परत फिरायची आणि तिकडची दहा मिनिटांनी पोचायची.

त्यांच्या दुकानामागं यशोदाबाई राहायच्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बुऱ्हाणपूरला जायच्या, कारण तिकडं नंबर लवकर लागायचा. मशीनवरून उठून आलेली बाई नाक्यावर दगडावर बसून जीपची वाट पाहायची. मिळाली तर मिळाली. शेवटी कंटाळून त्यांनी एकेक पाळी सोडायला सुरुवात केली. हे कळलं त्या दिवशी संघटनेनं दुकान उघडलं नाही.

मग पत्रं सुरू झाली. आम्हाला मराठीत, की तुमची गाडी वीस मिनिटं उशिरा सोडा. तिकडच्यांना हिंदीत, की तुमची वीस मिनिटं लवकर आणा. एक तरी ऐकेल, हा हिशेब. तीन वर्षं दोघांपैकी कोणी ऐकलं नाही. आणि मग, सरकारी कामाचा काय नेम, एकाच महिन्यात दोघांनीही ऐकलं.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन ते आमच्या गाडीनं नाक्यावर निघाले. मलाही ओढून नेलं. गाडी पोचली तेव्हा यशोदाबाई आधीच येऊन थांबल्या होत्या. त्या हसत हसत गाडीत चढल्या आणि यांनी त्यांच्या हातावर पहिला पेढा ठेवला. तेवढ्यात मागच्या दारानं अकरा बाया उतरल्या. तिकडच्या गावांतून आमच्याकडं कापूस वेचायला येणाऱ्या. रोज याच गाडीनं नाक्यावर येऊन पुढं तिकडच्या गाडीनं घरी जायच्या. त्यांनी रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं.

"भैया, हमारी गाडी निकल गई क्या?" एकीनं विचारलं.

निघून गेली होती. पाचच मिनिटांपूर्वी, नव्या वेळेप्रमाणे.

संघटनेनं डब्याचं झाकण लावलं. जीपवाल्याला पकडून त्या बायांना पाठवलं. परत येताना गावाजवळ आल्यावर म्हणाले, "मी आपलेच मोजले साहेब. त्याइचं वापस येनं मले दिसलंच नाही."

दुसऱ्या दिवशी पत्र आलं: माझ्या मागणीमुळे अकरा महिला रस्त्यावर राहिल्या, चूक माझी आहे. नोकरीत मी तक्रारी पोत्यानं पाहिल्या, पण स्वतःविरुद्ध तक्रार करणारा हा एकच. हा माणूस मला फार आवडतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्याला उगाच पीडा समजत होतो.

वेळ पुन्हा बदला म्हणायची सोय नव्हती. आणखी तीन वर्षं गेली असती आणि तोवर यशोदाबाईंचं काय? संघटनेनं माझ्यापुढं एक फोन नंबर ठेवला. तिकडच्या कंट्रोलरचा. वीस वर्षं आम्ही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना बसलो होतो आणि कधी बोललो नव्हतो. मी फोन लावला. तोही माझ्यासारखाच वैतागलेला, भला माणूस निघाला. ठरलं असं, की कागदावर काहीही असो, नाक्यावर दोन्ही गाड्या एकमेकींची तोंडं पाहिल्याशिवाय हलणार नाहीत. यशोदाबाईंनी पुढं एकही पाळी सोडली नाही.

गेल्या वैशाखात, एका सकाळी, दुकानातच मोटार उघडता उघडता संघटना गेली. नेमका यशोदाबाईंच्या डायलिसिसचा दिवस. मी तिकडच्या कंट्रोलरला कळवलं. इकडं दुपारपासून लोक जमले, तिरडी बांधून झाली, दिवस मावळायच्या आत उरका म्हणून वडीलधारे घाई करू लागले. संघटनेचा मुलगा उठायला तयार होईना. "साडेसहाची गाडी येऊ द्या," एवढंच म्हणत राहिला. सगळं गाव अंगणात बसून एका बसची वाट पाहत होतं.

गाडी आली. यशोदाबाई उतरल्या, आणि त्यांच्यामागून तिकडच्या सात बाया. त्यांच्या कंट्रोलरनं गाडीत सांगितलं होतं. मग तिरडी उचलली.

सगळं आटोपल्यावर लक्षात आलं, की या सात जणींना घरी जायला आता गाडी नाही. मी स्टँडवर मोकळी उभी असलेली एक गाडी काढायला लावली आणि ड्रायव्हरला बजावलं, नाक्यापर्यंत सोडून ये. तो यायला हवा होता त्यापेक्षा बराच उशिरा आला. मी कारण विचारलं.

"नाक्यावर काहीच नव्हतं साहेब," तो म्हणाला. "त्याइच्या गावात, घरापाशी सोडून आलो."

नाक्यापलीकडं जायचं आमच्या गाडीला परमिट नव्हतं. मी बरं म्हणालो आणि त्याला जेवायला घरी पाठवलं.