दार थरथरतंय

कॉलेजात तिला सगळे फ्यूजताई म्हणत. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं सहायक होती. मुलांनी फ्यूज उडवायचे आणि हिने न कुरकुरता बदलायचे, असा जणू करारच होता. ते नाव ठेवणारी बॅच पास होऊन कधीच पांगली. नाव तेवढं मागे राहिलं. तिला खऱ्या नावाने हाक मारणारं घरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला हल्ली समोरची ही बाई कोण, ते उमजत नसे.

ते तिचे आप्पा. एका उंच कचेरीत चौतीस वर्षं लिफ्टमन होते. आता घरात कोणीही आलं की स्टुलावर बसल्या बसल्या विचारत, "कितवा?" संध्याकाळी ती कामावरून आली की तिलाही तेच. सुरुवातीला ती समजावून बघायची, आप्पा, मी आहे. पुढे तिने तो नाद सोडला. "चौथा," ती म्हणायची, आणि आप्पा हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबायचे. खोलीतला दिवा लागायचा. तेवढ्यावर दोघंही समाधान मानायची.

एरवी आप्पांचा त्रास असा काही नव्हता. वाढून ठेवलं की जेवत, खिडकीशी बसत, गॅसच्या वाटेला जात नसत. प्रश्न होता तो दुपारी एकच्या गोळीचा. ती चुकली की तासाभरात त्यांना गरगरायचं, आणि दोनदा ते मोरीत पडले होते. दिवसभरासाठी बाई ठेवून पाहिली. पहिलीला त्यांनी दिवसभर मजला विचारून पळवलं, दुसरीला दारच उघडलं नाही. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावी राहायचा. त्याने तिकडे एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता. महिनाभर थांबतो म्हणाला, तुझं काय यंत्र आहे ते चालवून बघ. पण महिन्याअखेरच्या रविवारी मी येईन तेव्हाही गोळ्या चुकतच असतील, तर मी आप्पांना घेऊन जाईन, आणि तू मध्ये पडायचं नाहीस.

यंत्र म्हणजे एक डबी. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, सगळा एकाच बोर्डवर मावलेला, आणि झाकणाला नखाएवढी मोटर. मुलं वहीत ज्याला पीडब्ल्यूएम लिहितात, तो प्रकार: बोर्ड मोटरला सेकंदाला पन्नास ठोके पाठवतो, आणि ठोका किती रुंद आहे त्यावरून मोटर किती वळायचं ते ओळखते. अरुंद ठोका, झाकण बंद. रुंद ठोका, झाकण उघडं. पहिल्या आठवड्यात झाकण मुकाट्याने उघडायचं आणि आप्पांचं तिकडे लक्षच जायचं नाही. म्हणून तिने स्वतःचा आवाज घातला. एका स्वस्त स्पीकरची पिन बोर्डाच्या कानात, म्हणजे हेडफोनच्या भोकात, खोचली. एक वाजला की आवाज येई, "आप्पा, एक वाजला. गोळी घ्या बरं," आणि त्याबरोबरच झाकण उघडे.

तरी संध्याकाळी गोळी जागच्या जागी. आणि डबीसमोर निवृत्तीच्या दिवशी आप्पांनी घरी आणलेली लिफ्टची पत्र्याची पाटी उभी: बंद आहे. जिना वापरावा.

"दार थरथरतंय," आप्पा म्हणाले. "मेकॅनिक बघून जाईपर्यंत कोणी हात घालायचा नाही."

तिने तिथल्या तिथे झाकण उघडून दाखवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. आप्पा आवाज ऐकून गोंधळतात, दाराकडे बघत बसतात, म्हणून त्यांच्यासमोर तपासताना ती प्रोग्राममधली आवाजाची ओळ बंद ठेवायची. रविवारी ती घरीच असे, गोळी स्वतः हातावर ठेवी, तेव्हा डबीही बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी. तिने मोटरला वेगळा वीजपुरवठा दिला, दोन्हीकडची ग्राउंडची वायर एकत्र जोडली, वायर आखूड केली, अखेर मोटरच बदलली. डबी लॅबमध्ये नेऊन ऑसिलोस्कोपला लावली. शेजारी सरांचं प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून तिथेही आवाज बंदच. पडद्यावर ठोके कसे, शाळेच्या कवायतीत उभ्या केलेल्या पोरांसारखे, एका उंचीचे, एका अंतरावर. ती डबी घरी नेई, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटी तिची वाट बघत असे.

दादा फोनवर म्हणाला, अगं, आता थरथर त्यांच्या डोक्यात आहे, मोटरीत नाही. तिला स्वतःलाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं, आणि तसं वाटू लागलंय याची तिला लाज वाटत होती. त्या आठवड्यात तिने आप्पांचे सदरे धुऊन, इस्त्री करून एका बाजूला ठेवले. कशासाठी, ते मनाशीही बोलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती आली तेव्हा आप्पांच्या कपाळाला खोक होती. गोळी डबीत, पाटी डबीपुढे. तिने जखम पुसली, पट्टी लावली. आणि मग, रडू येण्याच्या अगदी अलीकडे, तिला लॅबमधलं रोजचं काम आठवलं. यंत्र बिघडलं म्हणून पोरगं आलं की ती आधी यंत्राकडे बघत नसे. आधी पोराला विचारायची, काय झालं, कधी झालं. गेल्या तीन आठवड्यांत तिने आप्पांना एकदाही विचारलं नव्हतं.

तिने लॅबचा निळा कोट अंगात चढवला, वही-पेन घेतलं आणि स्टुलासमोर उभी राहिली.

"मेकॅनिक आलेय," ती म्हणाली. "तक्रार काय आहे?"

आप्पा ताठ झाले. त्यांनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई मेकॅनिक पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले सांगतोय. आज उगवलात."

"चुकलं. दार उघडताना थरथरतं की बंद होताना?"

"उघडताना. पण नेहमी नाही. लिहून घ्या." ते थांबले, तिचं पेन कागदाला टेकेपर्यंत. "आमची मुलगी बोलते ना आतून, तेव्हा. ती बोलायला लागली की दाराचं फडफड फडफड सुरू. संध्याकाळी एक बाई येऊन उघडते तेव्हा अगदी सुतासारखं चालतं. पण तेव्हा मुलगी बोलत नाही."

तिने लिहून घेतलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

"मुलगी रोज बोलते?" तिने विचारलं. हे तक्रारीत बसत नव्हतं.

"रोज. एक वाजता. कामात असते, तरी चुकवत नाही," आप्पा म्हणाले. "ती संध्याकाळची बाईपण चांगली आहे. पण मुलीची सर येत नाही."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाल्यावर तिने दार लोटून घेतलं, डबी ऑसिलोस्कोपला लावली आणि आवाजाची ओळ तिथे पहिल्यांदाच चालू केली. ओळीने मांडलेल्या स्टुलांमधून तिचाच आवाज तिला ऐकू आला, "आप्पा, एक वाजला," आणि पडद्यावरची कवायत कोलमडली. ठोके रुंद झाले, अरुंद झाले, एकमेकांवर पडले. झाकण पंखात काही अडकलेल्या चिमणीसारखं फडफडलं. आवाज थांबला. थरथर मंदावली. आप्पांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

मग बोर्डाची माहितीपुस्तिका उघडून कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बोर्डात ठोके आखून देणारा भाग एकच, आणि कानाच्या पिनेतून निघणारा आवाजही त्याच भागाच्या ठोक्यांतून घडतो. दोघांना एकाच वेळी तो लागला की मोटरच्या ठोक्यांची माती होते. म्हणजे तिचा आवाजच दार उघडू देत नव्हता. तिने पुस्तिका मिटली. आवाज काढून टाकला तर बिघाड संपत होता. पण मग आप्पांशी एक वाजता कोण बोलणार?

संध्याकाळी बाजारातून तिने यूएसबीवर चालणारा छोटा स्पीकर आणला. आता आवाजाची वाट वेगळी, मोटरची वेगळी. शनिवारी रात्री तिने तो जोडला, पण चालवून पाहिला नाही. खरी परीक्षा रविवारीच व्हायची होती, मग आधी कशाला मनाची समजूत घालायची.

रविवारी साडेबाराला दादा आला. वहिनीने आप्पांसाठी नवीन चादर पाठवली होती, तिकडच्या खाटेच्या मापाची. तो ती पिशवी हातातच धरून उभा राहिला. दोघंही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड थांबली. एक वाजला.

"आप्पा, एक वाजला. गोळी घ्या बरं."

झाकण उघडलं. न अडखळता, न घाई करता. आप्पा पुढे झाले. त्यांनी आधी झाकणाच्या कडेवर दोन बोटं ठेवून अंदाज घेतला, मान हलवली, गोळी उचलली आणि पाण्याबरोबर घेतली. मग डबीवर वाकून, तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता अशा स्वरात म्हणाले, "घेतली गं. तू जेवलीस का?"

डबीने अर्थातच उत्तर दिलं नाही. आप्पा जरा थांबले, पाटी उचलून काखेत घेतली आणि स्टुलावर जाऊन बसले.

दादाने पिशवी खाली ठेवली. थरथर खरोखरच होती का गं, असं विचारलं. होती, ती म्हणाली, आवाज घातला त्या दिवसापासून. मग बाहेरच्या जिन्यात जाऊन त्याने वृद्धाश्रमाला फोन केला. जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणाला. ते तिला आत ऐकू आलं. तिने सदरे पुन्हा कपाटात लावले.

दादा निघाला तेव्हा ती त्याला सोडायला दारापर्यंत गेली. खुंटीवर निळा कोट होता. आप्पांची नजर कोटावरून तिच्यावर आली.

"काम चोख केलंत," ते म्हणाले. "कितवा?"

"तळमजला," ती म्हणाली.

आप्पांनी बटण दाबलं. भर दुपारी दिवा लागला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मुलं गेली, सर गेले. तिने खिडकीजवळच्या टेबलावरचं सोल्डरिंगचं सामान सारून डबा उघडला. आता घरी डबीतून तिचा आवाज बोलणार होता. घड्याळाचा काटा एकवर आला आणि पुढे सरकला, एवढा वेळ ती हातातला घास तसाच धरून होती.

"हो," ती रिकाम्या स्टुलांना ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू म्हणाली. "जेवतेच आहे."