रेवजीच्या नावाची पदकं

रूपसिंगला नावाने हाक मारली तर तो पटकन वळायचाच नाही. लढाईवरून परत आल्यावर दोन-तीन वर्षं तरी हे असंच चाललं होतं. बायको फुलीबाई शेताच्या बांधावरून ओरडून दमायची आणि म्हणायची, "तिकडून बहिरा होऊन आलास का रे?" पण कोणी त्याच्या चुलतभावाला "रेवजी!" म्हणून साद घातली, की हा हातातलं काम टाकून ताठ उभा राहायचा. लोक हसायचे. फुलीबाई मात्र हसायची नाही.

धडगावच्या वर, दोन डोंगर पलीकडे मोहबारी नावाचं पाड्यांत विखुरलेलं गाव. जर्मनच्या लढाईचं तिसरं वर्ष चालू असताना कचेरीतून हुकूम आला, की हमालांच्या पलटणीसाठी गावागावातून माणसं द्या. मोहबारीचा पाटील उदेसिंग सरळ माणूस होता. पाटील दुसऱ्यांचीच पोरं धाडतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याने पहिलं नाव आपल्या मुलाचं, रेवजीचं दिलं. नावं धुळ्याला गेली. आणि निघायच्या आदल्या दिवशी रेवजीला असा हिवताप भरला की चार गोधड्या टाकल्या तरी खाट थडथडत होती.

उदेसिंग धावत धडगावला गेला. कारकून म्हणाला, "नावं वर गेली. आता खाडाखोड होत नाही. माणूस कोणताही आण, पण तो रेवजी असला पाहिजे."

रूपसिंग उदेसिंगच्या मेलेल्या भावाचा मुलगा. त्याच घरात वाढलेला, रेवजीच्याच ताटात जेवलेला. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तो आपणहून म्हणाला, "मी जातो काका. नावाचं काय एवढं? तिकडे कोण ओळखतंय आपल्याला?" त्याला वाटलं, खाली शहाद्याकडे गवत कापायला जातात तसंच काहीतरी असेल, हंगाम संपला की घरी.

धुळ्याला डॉक्टरने छाती मोजली. साहेबाने विचारलं, "रेवजी वल्द उदेसिंग?" रूपसिंग म्हणाला, "हां." त्या एका हांवर तो बोटीत बसला, बसऱ्याला उतरला, आणि तिकडची सगळी वर्षं रेवजी म्हणूनच जगला. पोती वाहिली, पेट्या वाहिल्या, वाळूत रस्ते केले. तिथल्या नदीवर एकदा दारूगोळ्याच्या पडावाला, म्हणजे मोठ्या मालनावेला, आग लागली. त्याला साखळीने दुसरा पडाव जोडलेला होता आणि त्यात जखमी माणसं पडलेली होती. साखळी तापून लाल होत होती. रूपसिंगने ती उघड्या हातांनी आकड्यातून काढली. जखमींचा पडाव वाहत बाजूला गेला, माणसं वाचली. त्याचे दोन्ही तळवे मात्र कायमचे आखडले. दवाखान्यात गोरा साहेब आला. हात धरता येईना म्हणून त्याने मनगट धरलं आणि सांगितलं, "रेवजी, तुला चांदीचं पदक मिळेल."

पदकं आली, पण माणूस घरी येऊन दोन पावसाळे गेल्यावर. एक तांब्याचं, सगळ्यांना मिळालं तसं, आणि एक चांदीचं. दोन्हींच्या काठावर बारीक अक्षरं कोरलेली. धडगावच्या कचेरीतून निरोप आला, रेवजी वल्द उदेसिंगने हजर व्हावं. रूपसिंग उत्साहाने गेला. पण तिथले लोक पाटलाच्या मुलाला चेहऱ्याने ओळखत होते. "तू कोण? रेवजीला पाठव." मग रेवजी गेला, मान खाली घालून पदकं घेतली, आणि घाटातच ती रूपसिंगच्या हातात ठेवली.

"तुझी आहेत," रेवजी म्हणाला. "माझ्या अंगावर काटा येतो हातात धरली तरी."

होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो. ढोल वाजतात, डोंगरातली सगळी माणसं नवे कपडे घालून येतात. त्या वर्षी रूपसिंगने पदकं अंगरख्याला लावली. फुलीबाईनेच चिंचेने घासून लखलखीत केली होती. अर्धा बाजार फिरून झाला नाही तोच पोलीस शिपायाने त्याला अडवलं. पदक उलटंपालटं करून काठ वाचला.

"रेवजी लिहिलंय. तू रेवजी?"

सवयीने रूपसिंगच्या तोंडून निघून गेलं, "हां."

आणि भोवतालची गावची माणसं, बिचारी मदत करायला म्हणून, एकदम बोलली, "नाही सरकार, हा रूपसिंग!"

शिपायाने तिथेच थोबाडीत मारली. सरकारी पदक चोरलं म्हणून त्याला कचेरीच्या कोठडीत टाकलं. लढाईत ज्याला कोणी बोट लावलं नव्हतं, त्याने आपल्या माणसांसमोर मार खाल्ला. फुलीबाई कोठडीबाहेर बसून राहिली. रेवजी धावत आला आणि म्हणाला, "मीच दिलं होतं त्याला, हौसेने घालायला." तेवढ्यावर सुटका झाली. जाताना शिपाई रेवजीला म्हणाला, "असं कोणालाही देत जाऊ नको. तुझ्या मेहनतीचं आहे."

रेवजी घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, "चल, धुळ्याला जाऊ. दोघंही जाऊन खरं काय ते सांगू."

दोघं डोंगर उतरले, तापी ओलांडली, नंदुरबारला आले. तिथे अनीसमिया नावाचा अर्ज लिहिणारा बसायचा. त्याने सगळं ऐकलं, आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"ज्याले भेटनं त्याले नको शे, आणि ज्याले पाहिजे त्याले भेटत नही," तो म्हणाला. "मी लिखी देस भाऊ. पन असा अर्ज मी कधी लिखा नही."

धुळ्याला पलटणीतून सुटलेल्या लोकांची कामं बघणारी कचेरी होती. तिथे एक म्हातारा सुभेदार बसे. त्याने अर्ज वाचला आणि रूपसिंगला म्हटलं, "हात दाखव." मग रेवजीला म्हटलं, "तू दाखव." चारही तळवे टेबलावर आले. सुभेदाराने ते निरखले. उठून त्याने दार लावलं.

"पुरावा मागत नाही मी," तो म्हणाला. "पुरावा दिसतोय. पण आता मी सांगतो ते ऐका. हे मी वर लिहिलं, तर पहिला प्रश्न येईल, खोट्या नावाने भरती कोणी केली? पाटलाने. पाटील आत जाईल. खोटं नाव कोणी सांगितलं? तू. तूही आत जाशील. पदकं सरकारजमा होतील, तुलाही नाहीत नि यालाही नाहीत. लिहू?"

रूपसिंगच्या डोळ्यासमोर उदेसिंग काका आला. म्हाताऱ्याला आता डोंगर चढताना धाप लागत होती. लहानपणी काकानेच रूपसिंगला खांद्यावर बसवून नदी पार केली होती.

"कारकुनाने सांगितलं म्हणून..." रेवजी बोलू लागला.

"तो कारकून कबूल करेल?" सुभेदाराने विचारलं.

रूपसिंगने अर्ज परत मागून घेतला. सुभेदार दारापर्यंत आला. त्याने रूपसिंगला सलाम केला. तो सलाम रूपसिंगला आयुष्यभर पुरवावा लागला, कारण दुसरा कोणी केला नाही.

तेव्हापासून पदकं दोन घरांमधून ये-जा करू लागली. कलेक्टरचा दौरा असला, कचेरीत काही समारंभ असला, की रेवजीला बोलावणं यायचं आणि पदकं लावूनच यावं लागायचं. मग फुलीबाई ती फडक्यातून काढायची आणि रेवजीच्या हातात न देता ओट्यावर ठेवायची. रेवजीला खुर्ची मिळायची. रूपसिंग इतरांबरोबर जमिनीवर बसायचा. रेवजीचं त्या खुर्चीत अंग चोरून बसणं बघितलं की त्याला रागही धड येत नसे. ज्याच्यावर चिडावं असा माणूसच सापडत नव्हता.

उदेसिंग वारला. दिवसकार्य आटपल्यावर रेवजीने आपणहून विषय काढला, की आता बाप आत जाईल ही भीती नाही. रूपसिंगला स्वतःच्या कैदेची पर्वा नव्हती. पुन्हा धुळे. सुभेदार नव्हता. नव्या साहेबाने अर्ज घेतला, रेवजीचा जबाब घेतला, दोघांचे अंगठे घेतले. रूपसिंगचा अंगठा कागदावर नुसता काळा डाग होऊन उमटला. वर्ष गेलं, आणखी एक गेलं. उत्तर आलं ते रेवजीच्या नावाने. शाळामास्तरने वाचून दाखवलं: रेवजी वल्द उदेसिंग यांची नोंद तपासली, ती बरोबर आढळली, दुरुस्तीचे कारण दिसत नाही.

"बरोबरच आहे त्यांचं," रूपसिंग म्हणाला. "रेवजी गेला होता असंच लिहिलंय ना? तसंच लिहिलंय."

त्यानंतर त्याने अर्ज केला नाही. फुलीबाईने एकदा विचारलं, "देवाला तरी ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "ठाऊक असेल. पण तो कचेरीत येत नाही."

मग दुसरी लढाई आली. धडगावला भरतीचा तंबू पडला. साहेबाने रेवजीला बोलावून घेतलं, की जुना शिपाई म्हणून पोरांना चार शब्द सांग. रेवजीचे केस पिकले होते. तो उभा राहिला. त्याने गर्दीत रूपसिंगला शोधलं. रूपसिंगने किंचित मान हलवली: बोल.

रेवजी बोलू लागला. बोट, वाळू, पाण्यासाठी रांग, जळता पडाव, साखळी. इतकी वर्षं शेकोटीजवळ रूपसिंगने जे सांगितलं होतं ते सगळं, त्याच्याच शब्दांत. मोहबारीची माणसं खाली बघत ऐकत होती. "तापलेलं लोखंड हातात धरलं की आधी गार लागतं," रेवजी म्हणाला, आणि आपले दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले. आवाज फुटला. साहेबाला वाटलं, म्हातारा आठवणीने गहिवरला. टाळ्या झाल्या.

रूपसिंगला आपलंच आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना वाटलं, हे सगळं खरंच रेवजीचं असावं. आपण तेव्हा इथेच, हिवतापाने खाटेवर पडून असू.

पोरं उठून टेबलाकडे जाऊ लागली. कारकून नावं लिहीत होता. रूपसिंगच्या काय मनात आलं कोण जाणे, तो गर्दीतून वाट काढत टेबलाशी पोहोचला आणि एकेकाच्या कानाशी जाऊन सांगू लागला, "आपलं नाव सांग. आपल्याच बापाचं नाव सांग. मोठ्याने सांग, आणि लिहिलेलं पुन्हा वाचायला लाव."

कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या. शिपायाने रूपसिंगचा दंड धरला. "बाजूला हो, बाबा. कामात लुडबुड करू नको. तुला काय कळतं यातलं?"

रेवजी तंबूतून "अरे, त्याला सोड!" म्हणत धावला, पण त्याच्या छातीवरची पदकं बघून शिपाई त्यालाच सलाम करायला वळला.

रूपसिंग बाजूला झाला. तिथून नावं नीट ऐकू येत नव्हती, तरी तो पोरांच्या ओठांकडे बघत उभा राहिला.