सेउ देउसिमारचा मंद उजेड

आमच्या शेजारचे सेउ देउसिमार बावीस वर्षं आमच्या बेलें शहरात राहतात आणि बावीस वर्षं बेलेंला नावं ठेवतात. 'सेउ' म्हणजे आमच्याकडचं 'राव', जसं 'दोना' म्हणजे 'बाई'. वारा काय तो त्यांच्या गावचा, फोर्तालेझाचा, खेकडे फोर्तालेझाचे, आणि बायको लिंदाल्वा घरात नसली तर बायकासुद्धा फोर्तालेझाच्याच. तळलेल्या माशाबरोबर आम्ही जो आसाई, म्हणजे ताडफळांचा जांभळा गर, ओरपतो, त्यात हा गृहस्थ साखर घालतो. तेवढ्यावरूनच माणूस ओळखायला हवा होता. पण मी पडले भोळी.

बसमधला गल्ला सांभाळायची नोकरी संपली, तशी यांनी बैठकीत काचेची टाकी मांडून डिस्कस माशांची जोडी सोडली. बशीसारखे गोल, देखणे आणि महाभित्रे मासे. दचकले की आपलीच अंडी गिळतात. त्यांची पिल्लं जगवायची, हा सेउंचा पण. अंड्यांचा पत्ता नव्हता तेव्हाच मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाला आमंत्रणं गेली होती.

दिवा घरीच केलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बारा एलईडी, आणि भिंतीतली वीज त्यांना झेपेल अशी करून देणारी ड्रायव्हरची डबी. सकाळी बटण दाबलं की लख्ख! मासे दचकले, अंडी पोटात. उजेड हळूहळू वाढावा म्हणून सेउंनी त्याच ड्रायव्हरला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडला. दिवा डोळे मिचकावायला लागला. अंडी पुन्हा पोटात.

तेव्हा मी त्यांना कोपऱ्यावरच्या दोना इरासिल्दाकडे ओढत नेलं. तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी बाई.

"एलईडी किती?" तिने विचारलं.

"बारा."

"एका माळेत? मग तीन-तीन व्होल्ट धरून छत्तीस. छत्तीस ज्याच्या आवाक्यात बसतात असा ड्रायव्हर घ्या. आणि उजेड कमी-जास्त करायचाय ना? मग नॉबसाठी दोन बारीक वायरी वेगळ्या काढलेला. पंख्याचा रेग्युलेटर पंख्याला ठेवा. हा घ्या, माझ्याकडे आहे."

सेउंनी डबी उलटीपालटी केली, जणू शिळा मासा. "इथला माल? माझा मेहुणा फोर्तालेझाहून पाठवतोय."

"पाठवू दे. वरचा कागद तेवढा वाचा, सेउ देउसिमार."

"वाचायला मला तुमच्याकडून शिकायचं का, दोना?"

पार्सल आलं. छत्तीस बसत होते, दोन बारीक वायरीही होत्या. लाल कागदावर 'फक्त २२०' असंही ठळक छापलं होतं. पण फोर्तालेझाच्या भिंतीत दोनशेवीस व्होल्टचीच वीज असते; तिथल्या माणसाला त्यात वाचण्यासारखं काय वाटणार? आमच्या बेलेंच्या भिंतीत एकशेसत्तावीस! बावीस वर्षं आमच्या विजेवर पंख्याचा वारा खाल्ला, तरी हे डोक्यात शिरलं नाही.

अंडी घातल्याच्या दुसऱ्या सकाळी सेउंनी मोठ्या थाटात नॉब फिरवला. दिवा पेटला, विझला, पेटला, विझला. शनिवारचा नाच बरा. मासे सैरावैरा धावले आणि दमून न्याहारीला बसले. न्याहारी म्हणजे अर्थात अंडीच.

"बघा! तुमच्या गावची वीजच अर्धवट!" सेउ कुंपणावरून माझ्यावर ओरडले.

"वीज पुरी आहे हो. अर्धवट काय आहे ते मी शेजारधर्म म्हणून सांगत नाही."

आतून लिंदाल्वा हसली. चांगली मोठ्याने.

आठवड्याने जोडीने पुन्हा अंडी घातली. मंडळाची माणसं पुढच्या रविवारी यायची होती. सेउ माझ्या दाराशी आले. "दोना झुलैदे, इरासिल्दाकडची ती डबी आणता? कुणाला बोलू नका."

गल्लीत गुपित ठेवायला त्यांना मीच सापडले! दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी दारातूनच हाक दिली, "इरासिल्दा, फोर्तालेझाने हात टेकले गं! तुझा ड्रायव्हर दे."

पण काम चोख झालं. सकाळी उजेड दुधावर साय धरावी तसा चढायचा, मासे ढिम्म हलायचे नाहीत. आणि खरंच, रविवारी आईबापांच्या अंगाला पिल्लं चिकटलेली, मिरपूड भुरभुरावी तशी. मलाही बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मासे बिचकू नयेत म्हणून पडदे ओढलेल्या बैठकीत मंडळाची माणसं टाकीपुढे गोळा झाली. सेउ छाती काढून म्हणाले, "ड्रायव्हर आमच्या फोर्तालेझाचा."

मी टाकीवर वाकले. इरासिल्दाच्या डबीवर या महाशयांनी फोर्तालेझाच्या डबीचा लाल कागद सोलून चिकटवला होता! एक कोपरा अजून ओला होता.

मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. "सेउ देउसिमार, यावर 'फक्त २२०' लिहिलंय. तुमच्याकडे तर एकशेसत्तावीस. चालतो कसा?"

लिंदाल्वा कॉफीचे कप घेऊन दारातच थांबली. मी तोंडावर रुमाल धरला.

सेउंनी हात पुढे केला आणि नॉब सावकाश उलटा फिरवला. उजेड ओसरत गेला, कागदावरची अक्षरं पुसट झाली, मग दिसेनाशी झाली. एकदासुद्धा लुकलुकला नाही हो! इरासिल्दाचाच माल तो.