पट्ट्यातलं यंत्र

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझं चुकतंच. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती हे कागद लागले तर सांभाळून घ्यावं.

माझी लेक व्हॉलीबॉल खेळते. मागच्या वर्षी सांगलीच्या सामन्यात ती उंच उडाली आणि एकाच पायावर उतरली. गुडघ्यातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मिरजेत ऑपरेशन झालं, ती पुन्हा पळायला लागली. आवाज मात्र माझ्याबरोबर कोरेगावला घरी आला. भेंडी मोडली तरी तो येतो.

पुन्हा उड्या मारायच्या तर कमरेच्या पट्ट्यात यंत्र घालूनच, असं तिला खेळ शिकवणाऱ्या मॅडमनी ठरवलं. काडेपेटीएवढं यंत्र. उतरताना दणका किती बसला, ते मॅडमच्या मोबाईलवर दिसे. वाढला की त्या तिला बसवत. त्याचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसला की माझा जीव भांड्यात पडे.

खंडेनवमीला ते घरी होतं. आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजतात आणि त्यांना कामाला लावत नाहीत. मी विळी धुतली, कात्री धुतली, यंत्रही नळाखाली धरलं. हळदकुंकू वाहिलं. लेकीचा पाय तेच राखत होतं. दिवा विझला. वाटलं, आज सुट्टी, निजलं असेल.

दसऱ्यालाही ते उठलं नाही.

"आये, त्येला आंघोळ घातलीस व्हय?" लेक आधी हसली, मग रडायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "ताई, दुसरं येईपर्यंत हिला उडी नाही. नुसत्या डोळ्यांना दणका कळत नाही."

"मी भरते पैसं," मी म्हटलं.

यंदाची तिची संघातली निवड हुकली. एकदा अंगणात धप्प झालं. मी लाटणं टाकून धावले. लेक चोरून उड्या मारत होती.

"बघ की आये, दोनी पायांवर उतरते."

ती पुन्हा उडाली. मी डोळे मिटून घेतले होते.

नवं यंत्र आलं. मी ब्लाउज शिवून थोडे थोडे पैसे देत राहिले. काल शेवटचे घेऊन मैदानावर गेले. मॅडमच्या हातात नोटा देताना पाठीमागं लेकीची पावलं धावली, आणि एकदम थांबली. ती वर होती. मी वळले नाही.

धप्प. दोन्ही पाय, बरोबर.

मॅडमनी मोबाईल पाहिला, मान डोलावली आणि नोटा पर्समध्ये ठेवल्या.

"फिटलं ताई. सगळं फिटलं."

पैसे तेवढे फिटले.