चातीभर वाटेवरचं सासर

अंतर मोजायची बिरप्पाची स्वतःची रीत होती. मेंढरांमागं चालता चालता तो चातीवर लोकर कातायचा, आणि चाती सुतानं भरली की एक चाती वाट झाली म्हणायचा. माळावरच्या त्याच्या पालापासून शहरातली भवानी पेठ पाव चाती, मैंदर्गी गाव तीन चात्या. मैल आणि कोस त्याच्या लेखी सरकारी लोकांचे खेळ होते.

बायको गेल्यापासून लेक बाळाबाई हाच त्याचा संसार. या गड्यानं चार पंचांसमोर शब्द देऊन ठेवला होता, "एका चातीच्या पल्याड लेक देणार न्हाय." आणि बाळाबाईचं मन बसलं ते नेमकं मैंदर्गीच्या सिद्धनाथावर! मुलाचा बाप मल्लप्पा मागणी घालायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा बिरप्पानं त्याला पोटभर ताक पाजलं आणि वाटेला लावलं.

शहराबाहेरच्या माळावर तेव्हा नुकतीच विमानं उतरायला लागली होती. वर घरघर झाली की बिरप्पा शिव्या घालत मेंढरं बाजूला घ्यायचा. मैंदर्गीलाही तसंच एक मैदान चुन्यानं आखलं होतं. तिथं पहिल्यांदाच निघालेल्या वैमानिकाला वाट दाखवायला मुलूख ठाऊक असलेला माणूस हवा होता. त्यानं विचारायचा अवकाश, बाळाबाईनं बापाला पुढं ढकललं.

"आबा, चाती घेऊन बसा. मैंदर्गी किती लांब त्ये एकदाचं कळंल की."

"तीन चात्या हाय. त्यात कळायचं काय ऱ्हायलंय?"

"मग भ्यालासा व्हय?"

आता यावर कुठला बाप मागं सरेल? बिरप्पा मुंडासं आवळून विमानात चढला.

विमान उडालं तसं त्यानं मुंडासं दोन्ही हातांनी दाबून धरलं. जरा सावरल्यावर त्यानं मांडीच्या आडोशाला चाती धरून कातायला घेतलं. लेकीचा डाव त्याला कधीच कळला होता. त्यानं उत्तरही तयार ठेवलं, 'चालत कातलं तरच वाट धरायची. लेक काय इमानातनं म्हायेरी येनार हाय?' बिनतोड उत्तर होतं. वाटभर तो मनातल्या मनात हसत होता.

मैंदर्गीच्या मैदानावर सगळा गाव लोटला होता. बाळाबाईचा निरोप आधीच पोचल्यानं मल्लप्पा पंचांना घेऊनच धावत आला, "बर्री, बीगर, बर्री!" म्हणजे, या व्याही, या! पंचांनी चाती हातात घेऊन फिरवून पाहिली. तिचं बूडसुद्धा झाकलं नव्हतं.

उत्तर बिरप्पाच्या ओठावर आलं. पण विमान दिसलं की भीतीनं हात जोडणाऱ्या, वीज चमकली तरी घोंगड्यात शिरणाऱ्या पोरीनं बापाला त्या यंत्रात ढकललं होतं. जीव किती गुंतला असेल तिचा! त्याला एकदम गलबलून आलं.

"शबूद म्हंजी शबूद," तो म्हणाला. "दिली लेक."

वैमानिक परत न्यायला तयार होता. बिरप्पानं हात हलवून नकार दिला आणि चालत निघाला.

दुसऱ्या दिवशी तो पालावर पोचला तेव्हा टाचा फुटल्या होत्या. बाळाबाई दारातच उभी.

"आबा, येताना किती चात्या भरल्या?"

"एक बी न्हाय." उभ्या जन्मात अंतराच्या बाबतीत बिरप्पा हे पहिलं खोटं बोलला. घोंगड्याच्या खोळीतले सुताचे तीन गुंडे त्यानं काखेत दाबून धरले, पण त्यांतला एक निसटला आणि गडगडत तिच्या पायाशी गेला.

बाळाबाईनं गुंडा उचलला आणि बापाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

"येडी का खुळी!" बिरप्पा तिच्या पाठीवर थापटत म्हणाला. "जवळच हाय की."