नवे टायर आणि उस्तादांचे कान

उस्ताद गाडी चालवायचे ती कानांनी. डोळे काय, सगळेच वापरतात, असं त्यांचं म्हणणं. रस्ता ओला आहे की रेताड, कुठल्या चाकात हवा कमी आहे, नक्षीत खडा कुठे अडकलाय, हे त्यांना टायरच्या घरघरीवरून कळायचं. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखबाईंची गाडी त्यांच्या हाती होती. लांबलचक, काळी, आतून हॉटेलातल्या खोलीसारखी. बाई मागे बसून कंपनी चालवतात आणि आमचे हे पुढे बसून बाईंना चालवतात, असं त्यांची बायको म्हणायची.

कानांच्या या मिजाशीत थोडी भीतीही होती. थोरल्या भावाने आयुष्यभर बस चालवली. त्याचे कान हळूहळू गेले, एका तपासणीत तो नापास झाला आणि स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. आता दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसकडे बघतो. त्याला भेटून आलं की उस्तादांना त्या दिवशी जेवण जात नसे.

तर त्या काळ्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली. मागचे तर पार गोटा झाले होते. असल्या गाडीला वाटेल ते टायर चालत नाहीत. पुढच्यांचं माप वेगळं, मागचे जरा रुंद. वजन किती पेलणार त्याचा आकडा असतो, किती वेगाला टिकणार त्याचं अक्षर असतं. उस्तादांनी गाडीचं पुस्तक वाचलं, दुकानात चष्मा लावून एकेक टायर तपासला, बनल्याची तारीख बघितली आणि जुना माल आहे म्हणून काही परत आत पाठवले. शेवटी दुकानदाराने एकाच मापाचे, एकाच कंपनीचे दोन टायर पुढे ठेवले. एकावर बारीकशी जादा खूण होती.

"उस्ताद, खुणेचे देऊ की बिनखुणेचे?"

आता ती खूण कशाची, हे उस्तादांना ठाऊक नव्हतं. पण विचारतील तर ते उस्ताद कसले. त्यांनी मान डोलावली. "खुणेचेच. हे काय विचारणं झालं?" तेवढ्यात बाईंचा फोन आला. एरवी टायर चढेपर्यंत ते चाकाशेजारून हलत नसत. त्या दिवशी बोलत बोलत रस्त्यावर गेले आणि परत आले तेव्हा चारही चाकं गाडीला लागली होती.

दुकानातून निघाले आणि जरा पुढे गेल्यावर त्यांनी कान टवकारले. रस्त्याचा आवाजच येईना. नवे टायर थोडे शांत असतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण थोडे. इथे खडबडीत पुलावरूनसुद्धा गाडी गादीवरून गेल्यासारखी गेली आणि कानात काही म्हणजे काही नाही. दुसऱ्या दिवशी बाई मागे बसल्या, तर त्यांचा आवाजही धड येईना. फोनवर बोलू लागल्या की ज्या बाईंचं अख्खी इमारत ऐकायची, त्या आता पुटपुटल्यासारख्या वाटत होत्या. "डावीकडे घ्या" म्हणाल्या, ते उस्तादांनी आरशात ओठ बघून ओळखलं. घरी येऊन त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला कान लावला. टिकटिक नाही. ते घड्याळ कधीचंच बंद पडलं होतं, पण घाबरलेला माणूस काटे कशाला बघतोय.

कंपनीत ड्रायव्हरांची डोळे-कान तपासणी पुढच्या महिन्यात होती. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त ती बोलू लागली की हातातला पेपर ठेवून स्वयंपाकघरात जायचे, तिच्यासमोर बसायचे आणि तिच्या ओठांकडे बघत ऐकायचे. पूर्वी "अहो, ऐकलंत का?" चार वेळा झाल्याशिवाय पेपरामागून "काय?" येत नसे.

तपासणीपर्यंत गप्प बसता आलं असतं. मनही तेच म्हणत होतं. पण मागून एखादी सायकल घंटी वाजवत आली आणि आपल्याला कळलंच नाही तर? नोकरी जायची भीती होतीच, पण त्या सायकलच्या विचाराने त्यांची झोप उडाली. एका सकाळी त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मागे वळले.

"बाई, दुसरा ड्रायव्हर बघा. माझे कान गेलेत."

बाई पुढे वाकून म्हणाल्या, "कधीपासून?"

"टायर बदलल्यापासून."

बाईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. "अहो, मीही तेव्हापासूनच घाबरलेय. गाडीत बसलं की कानात बोळे घातल्यासारखं होतं. उद्याची डॉक्टरांची वेळ घेतलीय. बहिरी माणसं ओरडून बोलतात ना, मग कुणाला कळू नये म्हणून मी मुद्दाम हळू बोलत होते."

दोघं तडक टायरच्या दुकानात. दुकानदाराने न चढवलेला, खुणेचा एक टायर आडवा केला आणि उस्तादांना आत हात घालायला सांगितलं. आतून गोल फिरवून करड्या रंगाचा जाडजूड स्पंज चिकटवलेला होता.

"आवाज खातो हा," दुकानदार म्हणाला. "अशा गाड्यांसाठीच बनवतात. ती खूण त्याचीच. मी विचारलं होतं तुम्हाला, तर तुम्हीच मला झापलंत."

उस्तादांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्पंज दाबला, सोडला, पुन्हा दाबला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही. बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून वेळ रद्द केली, आणि ती इतक्या खणखणीत आवाजात की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. उस्तादांना तो आवाज फार गोड वाटला.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ओट्याशी भांडी विसळत होती.

"म्हणजे कान ठणठणीत आहेत?"

"ठणठणीत."

ती वळली नाही. "इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तुम्ही माझा शब्दन् शब्द ऐकत होतात. मला वाटलं, तुम्हाला डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि तुम्ही माझा निरोप घेताय. मीही विचारलं नाही. विचारलं तर ऐकणं बंद कराल, असं वाटलं." मग तिने नळ बंद केला. "जा आता, बाहेर बसून पेपर वाचा."

उस्ताद बाहेर गेले. पेपर तिथेच पडला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात आणून ओट्याशेजारी ठेवली आणि बसले.

"हं," ते म्हणाले, "काय सांगत होतीस सकाळी?"